डब्यावर संशय, चिमटीकडे दुर्लक्ष: टिनच्या दुधात जड धातू येतात कुठून?

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. रात्री साडेदहाला न्यू जर्सीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. मांडीवर चार महिन्यांचं बाळ आणि हातात दूध पावडरीचा डबा. तो डबा ती कॅमेऱ्यासमोर गोल गोल फिरवत होती, जणू शिसं कुठे लिहिलेलंच सापडेल. "मावशी, यात शिसं असतं म्हणतात गं. सगळे डबे टाकून देऊ का?"

घाबरण्यासारखं कारण होतं. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने बाळांच्या ४१ दूध पावडरींची तपासणी जाहीर केली होती. त्यातल्या जवळपास निम्म्यांत शिसं, आर्सेनिक असला कुठला ना कुठला घटक काळजी वाटावी इतका निघाला. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानेही लगोलग 'ऑपरेशन स्टॉर्क स्पीड' नावाची मोहीम जाहीर केली. स्टॉर्क म्हणजे करकोचा. त्यांच्याकडच्या गोष्टींत तो चोचीत झोळी धरून बाळं आणून देतो.

मी म्हटलं, "टाकू नकोस." हे सांगायला दोन सेकंद लागले. का टाकू नकोस, हे सांगण्यात मात्र तासभर गेला. तो तास इथे उतरवते आहे, कारण तोच प्रश्न आपल्याकडे कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडतानाही लोक विचारतात. आणि बहुतेक जण चुकीच्या जागी बोट ठेवतात.

जड धातू म्हणजे कोण?

अन्नाच्या संदर्भात चार नावं येतात: शिसं, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक. आर्सेनिकच्या विषाला आपल्या जुन्या मराठीत सोमल म्हणत. रसायनशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत तो पुरता धातू नाही, पण विषाच्या हिशेबात त्याला याच पंगतीला बसवतात.

यांची खोड अशी की ते मोडत नाहीत. जंतू उकळल्यावर मरतो. कीटकनाशकाचा रेणू उन्हापावसात कधी ना कधी तुटतो. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते उकळा, भाजा, पचवा, शिसंच राहतं. वर शरीराची फसगतही होते. शिसं आत शिरताना लोहाच्या आणि कॅल्शियमच्या दारातून शिरतं आणि हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिना-दीड महिन्यात निम्म्यावर येतं. हाडातलं वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतं.

आता मापाचं. बातम्यांत 'पीपीएम' असं लिहिलेलं असतं. एक पीपीएम म्हणजे एका किलोत एक मिलिग्रॅम, दहा लाखांत एक भाग. दुधासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने शिशाची मर्यादा ०.०२ पीपीएम ठेवली आहे. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून दहा हजार लिटरचा दुधाचा टँकर घ्या. त्या अख्ख्या टँकरमध्ये मिळून ०.२ ग्रॅम शिसं चालतं. शिसं वजनदार, त्यामुळे एवढ्याची गोळी ज्वारीच्या दाण्यापेक्षाही थोडी लहान होईल. एवढासा दाणा टँकरभर दुधात विरघळला तर मर्यादा गाठली गेली. बोलायचं आहे ते या पातळीवर.

बासुंदीचा हिशेब

दूध टिनमध्ये जातं ते बहुधा पाणी काढून. कंडेन्स्ड मिल्क म्हणजे आटवलेलं दूध आणि ढीगभर साखर, पावडर म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत आटवलेलं दूध. एक किलो सायीसकट दूध पावडरीला साधारण आठ लिटर दूध लागतं.

बासुंदी आटवताना चुकून दुधात मिठाची कणी पडली तर काय होतं? सुरुवातीला कळतही नाही. दूध निम्म्यावर आलं की जीभ तक्रार करते. मीठ वाढलेलं नसतं, पाणी उडालेलं असतं. धातूंचंही तसंच. मूळ दुधात जे होतं ते पावडरीत दर किलोला आठपट दिसतं.

इथे बातम्या वाचताना एक गोम लक्षात ठेवायची. पावडरीतला आकडा आणि बाटलीत तयार झालेल्या दुधातला आकडा वेगळा. पाणी घालून दूध पुन्हा पातळ केलं की तो आठपट आकडा खाली येतो. 'पावडरीत मर्यादेच्या पाचपट शिसं' असा मथळा दिसला तर आधी विचारायचं, मर्यादा कशाची, पावडरीची की तयार दुधाची? अर्धी घबराट या एका प्रश्नाने कमी होते. उरलेली अर्धी खरी असू शकते.

पहिलं दार: गाय

धातू डब्यापर्यंत तीन वाटांनी पोचतात. पहिली गायीची, आणि ती लवकर आटोपते, कारण गाय या बाबतीत बऱ्यापैकी चांगली गाळणी आहे. चाऱ्यातून, पाण्यातून तिच्या पोटात गेलेल्या शिशाचा आणि कॅडमियमचा मोठा भाग शेणावाटे बाहेर पडतो, काही हाडांत, यकृतात, मूत्रपिंडांत अडकतो. दुधात उतरतो तो फारच थोडा.

अपवाद असतात. गुरांना चाटायची सवय असते आणि शिशाचे क्षार गुळमट लागतात. गोठ्यामागे टाकलेली ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी किंवा जुन्या रंगाचे पोपडे गाय आवडीने चाटते आणि मग तिच्या दुधातलं शिसं चढतं. पण डेअरीत शेकडो गोठ्यांचं दूध एकत्र होतं, त्यात एका गायीचं दूध पातळ होऊन जातं. त्याच गायीचं दूध रोज एकाच घरात जात असेल, तर ते पातळ करायला दुसरं दूध नसतं. सुटं दूध म्हणजे आपोआप शुद्ध असं मानणाऱ्यांसाठी ही नोंद.

दुसरं दार: डबा

सगळ्यांचा संशय इथे असतो. धातूचा डबा आहे म्हणजे धातू उतरणारच, असं मनाला पटतं.

कल्हईवाला ज्यांनी पाहिलाय त्यांना टिनचा डबा समजवायला वेळ लागत नाही. आमच्या वाड्यात वर्षातून दोनदा तो यायचा. अंगणात खड्डा खणून भाता लावायचा. पितळेचं पातेलं निखाऱ्यावर लालसर तापलं की आत नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, आम्ही पोरं ठसका लागेपर्यंत तिथेच. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने हात असा फिरवायचा की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं. शेवटी पाण्यात बुडवताना चर्र आवाज. हा खटाटोप कशासाठी? तर कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंच, कोकम ठेवलं की ते कळकतं. आंबट पदार्थ तांबं-जस्त खातो आणि हिरवट, तोंड वाकडं करणारी चव उतरते. या एका अनुभवासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे, यावरून तो किती घरोघरचा होता ते समजावं.

टिनचा डबा म्हणजे कारखान्यात कल्हई केलेलं पोलाद. आत-बाहेर कथलाचा मुलामा, मानवी केसाच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाएवढा पातळ. अनेक डब्यांत त्यावर आणखी लाखेसारखा लेप देतात. कथील हे शिशाच्या मानाने गरीब विष: भारतात डबाबंद अन्नात त्याला २५० पीपीएमपर्यंत मुभा आहे, शिशाला दुधात ०.०२. आकड्यांतलं अंतर बघा. शिवाय दूध आंबट नाही. अननसाचा, टोमॅटोचा रस कथील जितकं खातो तितकं दूध खात नाही.

मग डब्यावर संशय आला कुठून? जुन्या डब्यांच्या शिवणीतून. तो संशय खोटा नव्हता.

पूर्वी पत्रा गुंडाळून त्याची उभी शिवण डाख लावून बंद करत. डाख म्हणजे सोल्डर, आणि या कामाच्या सोल्डरमध्ये बहुतांश शिसंच असे, अगदी शंभरात ९८ भाग. आटवलेल्या दुधाच्या डब्यांची तर आणखी एक तऱ्हा होती: झाकणाच्या मधोमध बारीक छिद्र ठेवायचं, त्यातून दूध भरायचं आणि शेवटी शिशाच्या डाखेचा एक थेंब टाकून छिद्र बुजवायचं. म्हणजे बुडबुड्याएवढं शिसं दुधाच्या थेट माथ्यावर. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत आईचं दूध न मिळणाऱ्या असंख्य बाळांना हेच आटवलेलं दूध पाणी आणि साखरेचा पाक घालून पाजत. त्या बाळांच्या रक्तात डब्याची शिवण उतरत होती.

१९७० च्या दशकात हे मोजलं जाऊ लागलं तेव्हा उद्योगाने हालचाल केली. शिवण वेल्डिंगने जोडायची, किंवा बूड आणि भिंत एकाच पत्र्यातून ओढून काढायची म्हणजे शिवणच नको. १९९१ पर्यंत अमेरिकी कारखान्यांनी शिशाची डाख सोडली आणि १९९५ मध्ये तिथल्या सरकारने अन्नाच्या डब्यांसाठी तिच्यावर बंदी घातली. हा बदल ग्राहकाला 'जपून वापरा' असं सांगून झाला नाही. डबा करण्याची रीतच बदलली आणि ते दार बंद झालं.

तुमच्या ओट्यावरचा डबा घेऊन कागदी वेष्टन काढून बघा. उभी शिवण बारीक, सपाट, निळसर-करड्या रेघेसारखी असेल तर ती वेल्डिंगची. डाख लावलेली शिवण जाड असते, तिच्यावर ओघळल्यासारखा चकचकीत करडा धातू दिसतो. असा डबा दुकानात दिसणं आता अवघड. माळ्यावर कुणी खिळे-बिजागऱ्या ठेवलेला दिसला तर त्याला खिळ्यांसाठीच राहू द्या, पीठ-पोह्यांसाठी नको.

तिसरं दार: चिमूटभर काहीतरी

टिनच्या दुधातल्या धातूने झालेली सर्वांत भयंकर घटना गायीमुळेही घडली नाही आणि डब्यामुळेही नाही.

जपान, १९५५ चा उन्हाळा. देशाच्या पश्चिम भागात, विशेषतः ओकायामा परिसरात, दवाखान्यांत एकाच तऱ्हेची तान्ही बाळं येऊ लागली. ताप, जुलाब, फुगलेलं पोट, सुजलेलं यकृत, रक्त कमी, आणि काळवंडत चाललेली कातडी. उपचार लागू पडेनात. हळूहळू डॉक्टरांच्या लक्षात आलं की ही बाळं अंगावर पिणारी नाहीत, पावडरीच्या दुधावरची आहेत, आणि डबाही एकाच कंपनीचा: मोरिनागा. २४ ऑगस्टला ओकायामा विद्यापीठाच्या बालरोग विभागाने जाहीर केलं की पावडरीत आर्सेनिक सापडलं आहे.

ते आलं कुठून, हे समजायला आपल्या स्वयंपाकघरातली एक खोड आठवू या. उन्हाळ्यात दूध तापवताना नासेल असं वाटलं की जुन्या बायका त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत. दुधातला आंबटपणा मारला की ते फाटत नाही. मोरिनागाच्या तोकुशिमा इथल्या कारखान्यात याच कारणासाठी दुधात डायसोडियम फॉस्फेट नावाचा क्षार घालत. गोळा केलेलं दूध थोडं आंबटाळलेलं असलं तरी पावडर नीट व्हावी, पाण्यात गुठळ्या न होता विरघळावी, यासाठी. क्षार शुद्ध असेल तर त्यात काही वावगं नाही, जगभर वापरतात.

हा शुद्ध नव्हता. बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिनियम बनवणाऱ्या कारखान्यातल्या टाकाऊ मालापासून तो निघालेला होता, आणि बॉक्साइटमधलं आर्सेनिक सोबत घेऊन आला होता. दोन-चार व्यापाऱ्यांच्या हातातून फिरत, पोत्यावरचं नाव तेच ठेवून, तो दुधाच्या कारखान्यात पोचला. कारखान्याने नाव वाचलं, पोतं फोडलं, घातलं. त्याच उगमाचा माल जपानच्या सरकारी रेल्वेनेही बॉयलर साफ करण्यासाठी मागवला होता. रेल्वेने तो तपासला, आर्सेनिक दिसलं आणि परत पाठवला. इंजिनाच्या बॉयलरसाठी जो नापास झाला तो बाळांच्या दुधात गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते वाक्य दोनदा वाचलं होतं.

बारा हजारांहून अधिक बाळांना विषबाधा झाली, शंभरावर दगावली. नंतरच्या अंदाजांनुसार तयार दुधात लिटरला ४ ते ७ मिलिग्रॅम आर्सेनिक होतं. पिण्याच्या पाण्यासाठी आजची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

पुढचं प्रकरण तितकंच शिकवणारं आहे. वर्षभरात सरकारी तज्ज्ञांनी सांगितलं की मुलं बरी झाली, मागे काही राहिलेलं नाही. १९६३ मध्ये तोकुशिमा न्यायालयाने कंपनीच्या लोकांना निर्दोष सोडलं. विषय मिटल्यात जमा होता. १९६९ मध्ये ओसाका विद्यापीठातले प्राध्यापक हिरोशी मारुयामा यांनी आरोग्यसेविका आणि शाळांतल्या परिचारिकांना सोबत घेऊन त्या मुलांची घरं गाठली. चौदा वर्षांनी दार वाजलं. एकेका घरात जाऊन आईवडिलांशी बोलून लिहिलेल्या त्या अहवालाने दाखवलं की यातल्या अनेक मुलांचं काहीच 'बरं' झालेलं नव्हतं. खटला पुन्हा उभा राहिला, १९७३ मध्ये कारखान्याच्या उत्पादनप्रमुखाला शिक्षा झाली, आणि १९७४ मध्ये पालक, सरकार आणि कंपनी यांच्या करारातून या मुलांची आयुष्यभर काळजी घेणारी 'हिकारी क्योकाई' ही संस्था सुरू झाली. तिचा खर्च कंपनी देते. ती बाळं आज सत्तरीची आहेत आणि संस्था अजून चालू आहे.

दरम्यान १९५७ मध्ये जपानने अन्नकायदा बदलला आणि दुधात-अन्नात घालायच्या प्रत्येक रसायनाची शुद्धता ठरवायला घेतली.

आजच्या बाळदुधात मोजले जाणारे अंश याच तिसऱ्या दारातून येतात, फक्त हजारो पटींनी कमी. बाळाचं दूध म्हणजे नुसतं दूध नसतं. त्यात वनस्पती तेलं, साखरेचे प्रकार, लोह-जस्त-कॅल्शियमची खनिज मिश्रणं, कधी सोया, कधी तांदळाचा स्टार्च असे डझनावारी घटक असतात. खनिजं जमिनीतून येतात आणि शिसंही तिथेच असतं. सोया कॅडमियम ओढतो, भात आर्सेनिक. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली ती लांबलचक यादी म्हणजे तितकी पोती, आणि प्रत्येक पोतं कुणीतरी उघडून तपासायचं असतं.

"इतक्या बारीक अंशाने काय होणार?"

मोठ्या माणसाला बहुधा काही नाही. बाळाचा हिशेब निराळा.

तान्हं बाळ दिवसाला दर किलो वजनामागे साधारण दीडशे मिलिलिटर दूध पितं. पाच किलोचं बाळ, पाऊण लिटर. ऐकायला साधं वाटतं. तुमचं वजन साठ किलो असेल तर त्याच हिशेबाने तुम्हाला रोज नऊ लिटर प्यावं लागेल, तेही सहा महिने, दुसरं काही न खाता, आणि बहुधा एकाच ब्रँडचं. त्यात बाळाचं आतडं पोटात गेलेल्या शिशातलं जवळपास निम्मं शोषून घेतं, मोठ्या माणसाचं दहा टक्क्यांच्या आसपास. आणि याच महिन्यांत मेंदूची जोडणी चालू असते.

अंगात लोह कमी असलं की तेच दार शिशासाठी आणखी मोकळं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. त्यामुळे युरोपातल्या बाळाला जो अंश पचून जाईल तो आपल्या बाळालाही पचेल, असं गृहीत धरता येत नाही.

"मर्यादेच्या आत आहे म्हणजे सुरक्षित ना?"

हा गैरसमज सुशिक्षितांत जास्त. शिशासाठी 'इतकं चालतं' अशी रेषाच सापडलेली नाही. पूर्वी आठवड्याला इतकं शिसं चालेल असा एक जागतिक आकडा होता, २०१० मध्ये तज्ज्ञ समितीने तो मागे घेतला. तेवढ्यानेही मुलांच्या बुद्धीवर परिणाम दिसत होता.

मग मर्यादा कशाची? जमण्याची. चांगल्या कारखान्याला काळजी घेऊन जितकं खाली आणता येतं, तिथे रेघ मारतात. कोडेक्सची बाळदुधासाठीची रेघ ०.०१ पीपीएम आहे, तीही तयार दुधातली. पाऊण लिटर दुधात ती पूर्ण वापरली गेली तर दिवसाला साडेसात मायक्रोग्रॅम शिसं जातं (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). अमेरिकी प्रशासनाचा मुलांसाठीचा संदर्भ-आकडा सगळ्या अन्नातून मिळून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे कायद्याने पास झालेला डबाही या दुसऱ्या मापाने नापास होऊ शकतो. सुदैवाने बाजारातली बहुतेक दुधं रेघेच्या बऱ्याच खाली असतात, पण 'मर्यादेत आहे' हे कंपनीचं उत्तर संपूर्ण उत्तर नसतं. किती आहे, तो आकडा सांगा, असं विचारायला हवं.

"उकळून, गाळून, चाखून काही कळतं का?"

नाही. उकळल्याने फक्त पाणी उडतं. वर बासुंदीचा हिशेब आला आहेच. आर्सेनिकला चव नाही, आणि दुधातल्या एवढ्याशा शिशाला ओळखेल अशी जीभ नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या लिंबू-हळदीच्या चाचण्या सोडा ओळखायला एक वेळ ठीक, धातूंसाठी निरुपयोगी.

खरी तपासणी अशी: नमुना तीव्र नायट्रिक आम्लात शिजवून पार विरघळवायचा, मग हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूच्या ज्योतीत त्याचा फवारा सोडायचा, आणि सुटे झालेले अणू वजनावरून वेगळे करून मोजायचे. अब्जातला एक भाग मोजणारं हे यंत्र प्रयोगशाळेतल्या अस्वच्छ काचेमुळेही खोटं बोलू शकतं. म्हणून प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, हा प्रश्न वकिली फाटा नसतो. २०१५ चं मॅगी प्रकरण आठवत असेल. एका नमुन्यात १७.२ पीपीएम शिसं आढळलं, मर्यादा २.५ होती, देशभर बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. आधीच्या प्रयोगशाळांची मान्यता आणि कंपनीची बाजू न ऐकणं, हे दोन्ही मुद्दे त्यात होते. न्यायालयाने ठरवलेल्या तीन प्रयोगशाळांत फेरतपासणीत शिसं मर्यादेत निघालं. त्यातून कुणी काय घ्यायचं ते घ्यावं. मी एवढंच घेते की एका आकड्यावर कुणाला फासावर चढवू नये आणि कुणाला सोडूही नये.

"चीनमध्ये झालं होतं ते हेच ना?"

२००८ चं चीनमधलं दूधकांड मेलामाइनचं होतं. ते प्लास्टिकच्या कामात वापरलं जाणारं रसायन, धातू नाही; प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून जाणूनबुजून केलेली भेसळ होती. धातूचं प्रकरण तिथे २०१२ मध्ये झालं: यीली या मोठ्या कंपनीला पारा आढळल्यावर बाळदुधाचे सहा महिन्यांतले डबे परत बोलवावे लागले.

मग घरी करायचं काय?

भाचीचा प्रश्न हाच होता, आणि इथे माझा कल स्पष्ट आहे. आईचं दूध मिळत असेल तर पहिले सहा महिने त्यापेक्षा चांगलं काही नाही. त्यातही शिशाचे अंश असू शकतात, आईच्या हाडांतून उतरलेले, पण तेवढ्यासाठी ते सोडू नये. ते पुरत नसेल किंवा शक्य नसेल तर डबा वापरायचा, निमूटपणे आणि अपराधी न वाटून घेता. घाबरून तान्ह्या बाळाला पातळ केलेलं गायीचं दूध किंवा घरगुती पेज सुरू करणं हे त्या सूक्ष्म शिशापेक्षा कितीतरी वाईट. बाळाला सोया किंवा तांदळावर आधारित दूध द्यायचं ते डॉक्टरांनी कारण सांगितलं असेल तरच. कंडेन्स्ड मिल्क बाळाचं दूध नव्हेच, धातू असोत-नसोत, ती साखर आहे.

फोडलेला कंडेन्स्ड मिल्कचा डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका. हवा लागली की कथील विरघळण्याचा वेग वाढतो. उरलेलं काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत काढा. पोचा आलेला, शिवणीशी गंजलेला डबा घेऊ नका. फुगलेला तर हातात आला तरी परत करा, तिथे भीती धातूची नाही, जंतूंची असते.

आणि शिसं शोधायचंच असेल तर डब्याच्या आधी घरात दुसरीकडे बघा. भडक पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोळलेली सुटी हळद, स्वस्त शेंदूर, बाळाच्या डोळ्यांत घालायचा सुरमा, जुन्या खिडकीचे उडालेले रंगाचे पोपडे, शेजारच्या गल्लीत उघड्यावर बॅटऱ्या फोडणारा. कल्हईसुद्धा ओळखीच्या माणसाकडून करून घ्या, कथलात शिशाची भेसळ करणारे आहेत.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाची म्हणाली, "बरं, डबा नाही टाकत." मी विचारलं, "पाणी कुठलं घेतेस गं दुधाला?"

ती थांबली. पावडर आठवा हिस्सा, बाकी सगळं पाणी, आणि पाण्याचा विचार तिने केलाच नव्हता. ती राहते नुअर्कच्या जवळ. त्या शहरात नळजोडण्याच शिशाच्या होत्या, पाण्यात शिसं सापडल्यावर २०१९ पासून तीनेक वर्षांत तेवीस हजारांच्या वर जोडण्या उपसून तांब्याच्या घातल्या. तिची इमारत जुनी, आतले नळ कधीचे कुणाला माहीत नाही.

"रात्री उठल्यावर गरम नळाचं घेते," ती म्हणाली. "लवकर कोमट होतं म्हणून."

"अगं, गरम पाणी नळातलं शिसं जास्त ओढतं. थंड नळ आधी थोडा वाहू दे, मग भर, मग गॅसवर तापव. आणि नगरपालिकेकडून पाणी तपासून घे."

डबा ओट्यावर ठेवून ती बाळाला काखोटीला मारून नळ बघायला गेली. फोन तसाच चालू होता, मला बराच वेळ त्यांच्या स्वयंपाकघराचं छत दिसत होतं आणि पाणी वाहिल्याचा आवाज येत होता.